पलीकडचा आकडा घेण्याआधी पट्टीचा शून्य विचारा

पुराच्या आकड्यांची ही तयारी मे महिन्यातच करायची. जूनमध्ये सगळे फोन उचलतात, जुलैच्या शेवटी कोणी उचलत नाही. कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यात आम्ही चार-पाच जण पुराच्या दिवसांत आकड्यांची वही चालवतो. कोयना, वारणा, राधानगरी धरणांतून किती पाणी सुटलं, सांगलीत आयर्विन पुलापाशी किती, राजापूर बंधाऱ्यावरून किती चाललंय, आणि पलीकडे कर्नाटकात काय आहे. आपल्याकडचे आकडे कसेही मिळतात. अडतं ते पलीकडच्या आकड्यांपाशी, म्हणून यादी त्यांचीच आहे.

टॉर्च, पॉवर बँक, वही, पेनं. घेतलं असं धरतो.

आता पट्टीचा शून्य. नदीत पाणी मोजायची जी पट्टी उभी असते, तिचा शून्य समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहे, हे प्रत्येक ठिकाणाचं वेगळं लिहून घ्या. एका वर्षी मी हे विचारलं नाही. सीमेपलीकडच्या एका पुलावरची पातळी मला रोज मिळायची. मी ती आदल्या वर्षीच्या शून्यात मिळवायचो आणि आपल्याकडच्या पातळीशी ताडून बघायचो. उन्हाळ्यात ती वाकलेली पट्टी काढून नवी बसवली होती, जवळजवळ दीड मीटर वर. कोणी लपवलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं. माझ्या वहीत पलीकडचं पाणी पाच फूट खाली दिसायला लागलं. मी गावाला सांगून मोकळा झालो की पुढे ओढ आहे, आपलं पाणी उतरेल. दोन घरांनी बाहेर नेलेली जनावरं परत आणली. दुसऱ्या रात्री ती गळ्याइतक्या पाण्यातून काढावी लागली. सगळी वाचली. त्यातल्या एका घरच्या काकी माझ्याशी अजून बोलत नाहीत.

म्हणून प्रत्येक ठिकाणाला तीन प्रश्न विचारायचे. शून्य कितीवर? कधी तपासला? गेल्या पावसाळ्यानंतर पट्टी हलवली का? तिसऱ्याचं उत्तर 'नसेल बहुतेक' असं आलं तर ते उत्तर नाही, पुन्हा फोन करा.

हे न केल्यामुळे होणारा गोंधळ दर वर्षी दिसतो. आयर्विनची इशारा पातळी ४० फूट, धोका ४५ फूट. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला ३९ आणि ४३. हे त्या त्या पट्टीच्या शून्यापासूनचे फूट आहेत. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाची ५१९.६० मीटर ही पूर्ण पातळी मात्र समुद्रसपाटीपासून. लोक हे तिन्ही आकडे एका ओळीत लिहितात आणि वर भांडतात. आयर्विनचे ४५ फूट म्हणजे साधारण १३.७ मीटर, पण ते कुठून मोजलेले? शून्य माहीत नसेल तर त्या १३.७ चा आलमट्टीशी काही संबंध जोडता येत नाही.

एकक तपासा. धरणांचा विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) येतो, केंद्र सरकारच्या तक्त्यात क्युमेक (सेकंदाला घनमीटर) असू शकतं. १ क्युमेक म्हणजे ३५.३१ क्युसेक. आकडा अचानक पस्तीसपट झाला तर धरण फुटलेलं नसतं.

दूधगंगेचं पाणी दोनदा मोजू नका. राजापूरचा विसर्ग आणि दूधगंगेचा विसर्ग मिळून पलीकडे कल्लोळ बंधाऱ्याचा आकडा होतो. राजापूर आणि कल्लोळ यांची बेरीज करून 'बघा, एवढं पाणी गेलं' म्हणणारे शहाणे मी पाहिलेत. एक तर आमच्यातच आहे.

साठ्याचं एवढंच की एकूण की उपयुक्त, ते शेजारी लिहा. कोयनेचे १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) एकूण आहेत, त्यात मृत साठा, म्हणजे तळाचं न वापरता येणारं पाणी, आला. एकीकडची टक्केवारी एकूणवर आणि दुसरीकडची उपयुक्तवर असेल तर तुलना फुकट.

फुगवट्याचं, म्हणजे पुढे अडल्यामुळे मागे तुंबणाऱ्या पाण्याचं, मात्र थांबून समजून घ्या. पातळीवरून विसर्ग काढायचा तक्ता पाणी मोकळं वाहत असेल तेव्हाचा असतो. नृसिंहवाडीला कृष्णा चढली की पंचगंगा मागे तुंबते. पातळी तीच, पाणी मात्र कमी सरकतं. अशा वेळी तक्त्यातला विसर्ग खोटाच असतो, मग तो आपल्या बाजूचा असो की त्यांच्या. फुगवटा ओळखायचा तर वरच्या आणि खालच्या पातळीतला फरक बघावा लागतो, आणि तो दोन्ही पट्ट्यांचे शून्य माहीत असतील तरच निघतो. फिरून तिथेच आलो. येणारच.

वेळ लिहा. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, म्हणजे आजच्या तारखेपुढे लिहिलेला पाऊस बराचसा कालचा असतो. 'आत्ता सोडलंय' हा निरोप वहीत घ्यायचा नाही, घड्याळातली वेळ घ्यायची. राधानगरीचे दरवाजे तर स्वयंचलित आहेत, पाणी चढलं की आपोआप उघडतात. तिथे आदेशाची वाट बघत बसलात तर पाणी आधी पोचेल.

माणसं. मे-जूनमध्ये दोन्हीकडे बदल्या होतात. नावाने जपलेला नंबर जूनमध्ये दुसऱ्या जिल्ह्यात लागतो, त्यामुळे हुद्द्याचा आणि नियंत्रण कक्षाचा नंबर घ्या, शिवाय पलीकडच्या गावातला एक पाहुणा. आपल्या भागात कन्नड-मराठी दोन्ही बोलणारी घरं काही कमी नाहीत. आणि पलीकडचा माणूस आकडा द्यायला का कचरतो तेही लक्षात ठेवा. आलमट्टी ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवायला कृष्णा पाणीवाटपाच्या लवादाने २०१० मध्ये मान्यता दिली, तेव्हापासून त्या धरणाचा प्रत्येक आकडा पुरावा म्हणून वापरला जाईल ही भीती दोन्ही बाजूंना आहे. आपण आपले आकडे आधी द्यावेत, न मागता, शून्यासकट. मग तिकडूनही येतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस कोरडी तालीम करा. सगळ्या ठिकाणांचा एकेक आकडा मागवा, समुद्रसपाटीत बदला, नदीच्या क्रमाने लावा. खालचं गाव वरच्यापेक्षा उंच निघालं तर कुणाचा तरी शून्य चुकलाय. हे मी त्या वर्षी केलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं.

पूर चालू असताना दर तीन तासांनी नोंद, अंदाज सांगायचा नाही, झोप पाळीपाळीने.

उतरल्यावर भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा रंगाने मारून ठेवा, नंतर मोजणीचं लेव्हल यंत्र लावून त्यांची उंची घ्या. पट्ट्या वाकल्या का बघा. नवी बसवली तर त्याच दिवशी दोन्हीकडे कळवा, नव्या शून्यासकट.