डच अंडरग्राउंड मेटल ऐकायचंय? मग इथून सुरू करा

पहिलं म्हणजे विदिन टेम्पटेशन हा प्रसिद्ध डच बँड बाजूला ठेवा, भारीच आहेत पण अंडरग्राउंड नाहीत. आधी जुनं डेथ मेटल (मेटलचा गुरगुरत्या आवाजाचा, जड प्रकार), म्हणजे १९८७ पासूनचे ॲस्फिक्स, मग पेस्टिलन्स, रॉटरडॅमचे थॅनाटोस, फुल आवाजात. मग नायमेखन शहराकडे वळा, तिथल्या हेरेसिस नोविओमागी या संगीतकारांच्या गटातले तुरिया आणि इस्कांदर हे बँड ऐका, गाणी लांबलचक असतात त्यामुळे बसमध्ये घाईघाईत नको, रात्री हेडफोन लावून निवांत ऐका नाहीतर नुसता गोंगाट वाटेल. उट्रेख्टचे लास्टर मुखवटे घालून वाजवतात, मला तर तेच सगळ्यात आवडतात. काही आवडलं की बँडकॅम्पवर (बँडकडून संगीत विकत घ्यायची वेबसाइट) विकत घ्या, पण भारतात रेकॉर्ड मागवताना शिपिंग आणि कस्टम ड्युटी आधी बघा राव, डिजिटलच परवडतं. एप्रिलमध्ये तिकडे असाल तर टिलबर्गचं रोडबर्न फेस्टिव्हल गाठाच.