फोटोग्राफीला ॲडमिशन घेताय? आधी सरांचे फोटो बघा

बारावीचा रिझल्ट लागला की कोणाचे तरी बाबा फोन करतातच, पोरगा फोटोग्राफी करायची म्हणतोय, सिंबायोसिस बरं का भारती विद्यापीठ का अजून कुठलं? मी नाव सांगत नाही. मी उलट विचारतो, तिथं शिकवतंय कोण आणि त्या माणसानं स्वतःसाठी शेवटचं काम कधी केलंय?

स्वतःसाठी म्हणजे क्लायंटचं काम सोडून. दागिन्यांचा कॅटलॉग, लग्नं, बिल्डरचे फ्लॅट हे सगळं पोटासाठी असतं, त्यात कमीपणा काही नाही, पण तुम्हाला बघायचंय ते कोणीही न सांगता केलेलं काम. मी शिकलो तिथं एक सर दरवर्षी त्याच स्लाइड्स दाखवायचे, सीनियर्सना तर पुढचा फोटो कुठला येणार तेही पाठ होतं!

तर आधी प्राध्यापकांची नावं काढा आणि कोणाचं प्रदर्शन लागलंय का बघा. पुण्यात बालगंधर्वच्या आवारातलं कलादालन, घोले रोडचं राजा रवि वर्मा कलादालन, इथं अधूनमधून चक्कर टाकायचीच. उद्घाटनाला जाऊ नका, तेव्हा सत्कार आणि सामोसे असतात, फोटोंकडे पाठ करून सगळे उभे. दुसऱ्या दिवशी दुपारी जा, सर बहुतेक एकटेच खुर्चीत बसलेले सापडतात.

प्रिंट आधी लांबून बघा, मग नाक लावून. काळ्या भागात काही दिसतंय का नुसता डांबरासारखा गोळा झालाय? काचेवर ट्यूबलाइट चमकत असेल तर जरा बाजूला सरकून बघा. आणि एकेक फोटो भारी असण्यापेक्षा वीस फोटो एका ओळीत का लावलेत ते कळतंय का बघा, कारण पोरांना शेवटी प्रोजेक्टच करायचा असतो.

आता खरी गोष्ट. सरांना विचारा, "सर, भिंतीवर न लावलेले फोटो बघायला मिळतील का?" फिल्मवर काम असेल तर कॉन्टॅक्ट शीट मागा. एका कागदावर अख्ख्या रोलच्या छत्तीस फ्रेम्स, सहा-सहाच्या सहा पट्ट्या, एखाद्या फ्रेमभोवती लाल पेन्सिलीचा गोल आणि बाकीच्या तशाच सोडलेल्या. त्या सोडलेल्या का सोडल्या हे जो माणूस सांगू शकतो तो शिकवू शकतो, असं माझं मत. डिजिटल असेल तर लॅपटॉपवरचा अख्खा फोल्डर. हॅरी कॅलाहन अमेरिकेत शिकागो आणि मग ऱ्होड आयलंडला कितीतरी वर्षं शिकवत होते, जवळपास रोज फोटो काढायचे, मागे लाखभर निगेटिव्ह राहिल्या आणि स्वतःच्या हिशेबानं वर्षाला चांगले धरायचे जेमतेम पाच-सहा फोटो. म्हणजे सरांनी वर्षात चारच फोटो दाखवले तर हसू नका.

आणि स्वतःच्या कामासाठी सरांनी मोठ्या पगारी सुट्टीची वाट बघायलाच हवी असंही नाही. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात ज्योती भट्ट चित्रकला शिकवायचे, १९६७ मध्ये लोककलेवरच्या एका सेमिनारसाठी कॅमेरा घेऊन गुजरातच्या खेड्यांत गेले आणि मग पुढं कितीतरी वर्षं भिंतींवरची चित्रं, रांगोळ्या टिपत राहिले, नोकरी सांभाळून.

मात्र काम भारी म्हणजे मास्तर भारी असं नसतं हां. म्हणून एक क्रिट बघायला मिळतो का विचारा, म्हणजे पोरं भिंतीवर प्रिंट लावतात आणि सर बोलतात तो तास. आधी फोन करून परवानगी घ्या, सेमिस्टर संपायच्या सुमारास बरं. "छान आहे, लाइट अजून हवा होता" एवढंच बोलून सर पुढच्या प्रिंटकडे सरकले तर तुम्ही पण चहाला निघा. आणि एका पोरीच्या प्रिंटसमोर पाच मिनिटं गप्प उभं राहून "हा हात का कापलास?" असं विचारणारे सर दिसले, तर फॉर्म कुठं मिळतो ते विचारून या.