जवळच्या गॅसवर इथिलीनचा कारखाना चालेल का? हिशेब असा मांडा

गॅस किती मिळणार, हे विचारण्याआधी त्यात इथेन किती, ते विचारा, कारण इथिलीन (प्लास्टिकचा कच्चा माल) इथे इथेन फोडून करायचं आहे. मुंबई हायचा गॅस तेलासोबत वर येतो, म्हणून त्यात मिथेनच्या जोडीला इथेन आणि प्रोपेनही असतात. उरणला ते वेगळे निघाले म्हणूनच नागोठण्याचा क्रॅकर (भट्टीत गॅस फोडून इथिलीन करणारा कारखाना) उभा राहू शकला. थळच्या खत कारखान्याला मात्र मिथेन पुरतो.

गॅस क्रोमॅटोग्राफचा (गॅसमधले घटक मोजणाऱ्या यंत्राचा) अहवाल समोर ठेवा. समजा रोज 10 लाख घनमीटर गॅस मिळतो (15 अंश सेल्सिअस, वातावरणाचा दाब) आणि त्यात इथेन 6 टक्के आहे. एका किलोमोलला 23.64 घनमीटर लागतात, म्हणजे इथेन सुमारे 2,538 किलोमोल. एक किलोमोल इथेन म्हणजे 30 किलो, म्हणून त्याला 30 ने गुणलं की 76 टन. त्यातलं 90 टक्के हाती लागलं तर 68 टन. भट्टीत न फुटलेलं इथेन पुन्हा फिरवून 80 टक्के उतारा धरा: रोज 55 टन इथिलीन, 330 दिवसांत साधारण 18 हजार टन. 4 लाख टनांच्या क्रॅकरला फक्त इथेनवर चालवायचं तर असा गॅस रोज 2.2 कोटी घनमीटर लागेल. बहुतेक प्रस्ताव इथेच कोसळतात, आणि ते कागदावरच कोसळलेले बरे.

इथेन काढायला गॅस खूप थंड करावा लागतो. त्याआधी मॉलिक्युलर सीव्हने (पाणी शोषणाऱ्या दाण्यांनी) पाणी 1 पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) खाली आणा, नाहीतर हायड्रेट (पाणी आणि गॅसचा बर्फासारखा थर) जमून एक्स्चेंजर (गॅस थंड करणारं उपकरण) तुंबतो. पाऱ्याची तपासणी टाळू नका. अॅल्युमिनियमचा एक्स्चेंजर तो पोखरतो. कार्बन डायऑक्साइड इथेनसोबतच निघतो, तोही धुवून काढावा लागतो.

भट्टीत 1 किलो इथेनला साधारण 0.3 किलो वाफ, नळीतून गॅस बाहेर पडतो तिथे 800 ते 850 अंश सेल्सिअस, गॅसचा नळीतला मुक्काम सेकंदाहून कमी. नळीचं बाहेरचं तापमान आणि दाबातला फरक वाढत चालला की आत कोक (कार्बनचा थर) बसलाय असं समजा. भट्टी बाजूला घेऊन वाफ आणि हवेने तो जाळा. त्यासाठी एक भट्टी जादा हवीच.

तेलाचं उत्पादन उतरलं की हा गॅसही उतरतो. म्हणून करार घनमीटरमध्ये करू नका, इथेनच्या टनांमध्ये करा, आणि भट्ट्या प्रोपेनही घेतील अशा मागवा. नागोठण्याला आता दहेजहून इथेनची पाइपलाइन येते. ते इथेन अमेरिकेतून जहाजाने येतं.