फ्रेंचचा अँपार्फे इंग्रजीतून नको, मराठीतून शिका

फ्रेंच शिकताना ए-२, म्हणजे सहापैकी दुसऱ्या, पातळीवर पोचलेल्या बहुतेकांचं गाडं एकाच ठिकाणी अडतं. पासे काँपोझे (घडून संपलेल्या गोष्टीचा भूतकाळ) नुकता कुठे अंगवळणी पडलेला असतो, त्यात कुठलं क्रियापद मदतीला 'आव्वार' (जवळ असणे) घेतं आणि कुठलं 'एत्र' (असणे) याचं पाठांतर झालेलं असतं, आणि तेवढ्यात दुसरा भूतकाळ पुढ्यात येतो: अँपार्फे. पुस्तक सांगतं की सवय, वर्णन आणि चालू असलेली क्रिया यांसाठी तो वापरा. मुलं ते वहीत उतरवून घेतात, आणि घरी निबंध लिहायला बसली की आधी मनात इंग्रजी वाक्य जुळवतात, मग त्याचं फ्रेंच करतात. सगळा घोळ इथेच होतो. इंग्रजीतलं 'आय वेंट' एकदाच गेलो यालाही चालतं आणि रोज जायचो यालाही. फ्रेंचला मात्र हे दोन वेगळे काळ लागतात. आणि मराठीलाही लागतात! 'गेलो' आणि 'जायचो' यांत मराठी माणूस झोपेतही गल्लत करत नाही.

मी पुण्यात फ्रेंच शिकले, आता परीक्षेच्या बॅचेस घेते. इतक्या वह्या तपासून माझं मत पक्कं झालंय की या एका प्रकरणात इंग्रजीतून विचार करणाऱ्या मुलांपेक्षा मराठीतून विचार करणारी मुलं लवकर पार होतात. फक्त त्यांना कुणीतरी सांगावं लागतं की बाबांनो, मराठी वापरा.

रूपं आधी उरकून घेऊ, कारण ती सोपी आहेत. वर्तमानकाळातलं 'नू'चं (आम्ही) रूप घ्यायचं, शेवटची ओ-एन-एस ही अक्षरं उडवायची आणि त्या जागी नवे प्रत्यय लावायचे: 'झ' (मी) आणि 'त्यू'ला (तू) ए-आय-एस, एकवचनी 'ईल'ला (तो) ए-आय-टी, 'नू'ला आय-ओ-एन-एस, 'वू'ला (तुम्ही) आय-ई-झेड आणि अनेकवचनी 'ईल'ला ए-आय-ई-एन-टी. 'नू फिनिसों'वरून 'झ फिनिसे' (संपवणे), 'नू प्रनों'वरून 'झ प्रने' (घेणे), 'नू ब्यूवों'वरून 'झ ब्यूवे' (पिणे). वर्तमानकाळात छळणारी क्रियापदं इथे शहाण्यासारखी वागतात. अपवाद एकच, 'एत्र'. त्याच्या 'नू सोम'मधून ओ-एन-एस काढायला जागाच नाही, म्हणून 'झेते', 'ईल एते'. 'पाऊस पडणे'सारख्या क्रियापदाला 'नू'चं रूपच नसतं, तिथे 'ईल प्लवे' हे एकच रूप पाठ करून टाकायचं.

स्पेलिंगचे दोन-तीन खड्डे आहेत. 'माँझे' म्हणजे खाणे, यात जीच्या मागोमाग ए हे अक्षर आलं तर जीचा उच्चार 'ग' होईल, म्हणून मध्ये एक ई घालतात. 'नू' आणि 'वू'च्या रूपांत प्रत्यय आयने सुरू होतो, जी आपोआप मऊ राहतो, तिथे ती ई नको. 'कॉमाँसे'मधल्या (सुरू करणे) सीला शेपटी लावायची तीही याच कारणाने आणि याच चार रूपांत. 'एत्यूदिये'च्या (अभ्यास करणे) 'नू' रूपात मात्र दोन आय शेजारी शेजारी येतात. मुलं ते छपाईची चूक समजून एक आय खोडतात. खोडू नका.

बोलताना सहापैकी चार रूपं अगदी सारखी ऐकू येतात, त्यामुळे तोंडी परीक्षेत अँपार्फे स्वस्तात पडतो. महाग पडतो तो श्रुतलेखनात. 'मी खाल्लं' म्हणजे 'झे माँझे', आणि 'मी खायचो' म्हणजे 'झ माँझे'. अँपार्फेच्या शेवटचा 'ए' थोडा उघड्या तोंडाने म्हणतात, आपल्या 'ए' आणि 'ॲ'च्या मधला. पण आपल्या कानाला तो फरक सवयीचा नाही, आणि दक्षिण फ्रान्समधली माणसं तर तो फारसा पाळतही नाहीत. म्हणून शेवटाकडे कान लावून बसण्यापेक्षा सुरुवात पकडावी: 'झे' आला की 'आव्वार' आलं, म्हणजे पासे काँपोझे. नुसता 'झ' असेल तर अँपार्फे.

आता वापर. यासाठी मी मुलांना चिऊकाऊची गोष्ट फ्रेंचमध्ये लिहायला लावते. काऊचं घर होतं शेणाचं, चिऊचं घर होतं मेणाचं. (शेणाला 'बूझ' म्हणतात हे कळल्यावर वर्ग पाच मिनिटं हातात राहत नाही.) ही दोन्ही वाक्यं अँपार्फेत: 'एते', 'एते'. कारण गोष्ट अजून सुरूच झालेली नाही, नेपथ्य मांडणं चाललंय. एकदा काय झालं, मोठा पाऊस आला. इथे काळ बदलला. काऊचं घर वाहून गेलं: पासे काँपोझे. काऊने चिऊचं दार वाजवलं: पासे काँपोझे. चिऊ बाळाला न्हाऊ घालत होती: अँपार्फे. काऊ बाहेर भिजत होता: पुन्हा अँपार्फे. मराठीत जिथे 'आला, गेलं, वाजवलं' आहे तिथे गोष्ट पुढे सरकते. जिथे 'होतं, घालत होती, भिजत होता' आहे तिथे ती थांबून आजूबाजूला बघते. फ्रेंच परीकथाही 'ईल एतेत्यून फ्वा'ने सुरू होतात, म्हणजे आपल्या 'एक होता राजा'सारख्या, आणि तिथेही पहिलं क्रियापद अँपार्फेच असतं.

पाऊस हा कायमचा अँपार्फे, असं मात्र समजू नका. वर्णनाला, हवामानाला हा काळ वापरायचा, हे सूत्र पाठ केलेली मुलं पाऊस दिसला की डोळे मिटून 'ईल प्लवे' लिहितात. वरच्या गोष्टीत पाऊस आला म्हणून घर वाहून गेलं. तिथे पाऊस ही घटना आहे, म्हणून 'ईला प्ल्यू'. 'पाऊस आला' की 'पाऊस पडत होता', एवढं स्वतःला विचारलं की झालं.

रोजच्या सवयीला तर आपल्याकडे रूपांची चंगळ आहे. 'आजोबा पहाटे उठायचे', 'उठत असत', जुन्या पुस्तकातलं 'उठे, जाई, येई'. शाळेत ज्याला रीतिभूतकाळ म्हणून शिकवलं तो सगळाच्या सगळा अँपार्फेत जातो.

मराठीचा खरा फायदा दिसतो तो मनाच्या क्रियापदांत. 'मला भीती वाटत होती' म्हणजे 'झावे पर', 'मला भीती वाटली' म्हणजे 'झे यू पर'. 'मला माहीत होतं' हे 'झ सावे', पण 'मला कळलं' हे 'झे स्यू'. दोन्हीकडे क्रियापद एकच, काळ बदलला की अर्थ बदलतो. इंग्रजीतून येणारा इथे तक्ते पाठ करत बसतो.

आता मराठी कुठे फसवते ते सांगते, कारण ती फसवतेच. 'काल मी सिनेमाला गेलो होतो' हे आपण सहज म्हणतो. त्यातला 'होतो' बघून मुलं 'झेते आले' लिहितात, म्हणजे आणखी मागचा भूतकाळ, प्ल्यू-क-पार्फे. फ्रेंच माणूस लगेच विचारेल, 'बरं, जाऊन आला होतास, मग त्यानंतर काय झालं?' त्याला पुढची घटना हवी असते, ती तुमच्याकडे नसते. इथे साधं 'झ सुई आले ओ सिनेमा' लिहायचं.

दुसरी फसवणूक मुदतीची. 'मी नागपूरला पाच वर्षं राहत होतो' मराठीत कानाला खटकत नाही. फ्रेंचमध्ये मुदत मोजून बंद केली की पासे काँपोझे: 'झे आबिते आ नागपूर पाँदाँ सँक आँ'. मुदत काढून टाका, 'लहानपणी नागपूरला राहायचो' म्हणा, लगेच 'झाबिते'. किती वेळा गेलो ते मोजलं तरी तोच नियम. 'दर रविवारी' अँपार्फेत, 'तीनदा' पासे काँपोझेत.

तिसरी सगळ्यात चिवट. 'पैसे असते तर फ्रान्सला गेलो असतो', यात आपल्याकडे दोन्हीकडे 'अस'ची जवळपास सारखी रूपं येतात. म्हणून मुलं फ्रेंचमध्येही दोन्हीकडे काँदिस्योनेल ('असं झालं असतं' सांगणारं रूप) ठोकतात आणि 'सी'ला (जर) ते जोडून 'सी झोरे' लिहून मोकळी होतात. बरोबर वाक्य असं: 'सी झावे द लार्झाँ, झिरे आँ फ्राँस'. 'सी'च्या घरात अँपार्फे, काँदिस्योनेल शेजारच्या घरात. फ्रान्समधल्या शाळकरी पोरांनाही हे 'ले सी नेम पा ले रे' अशा तालात घोटवतात: 'सी'ला 'रे', म्हणजे काँदिस्योनेलचे शेवट, आवडत नाहीत. मजा म्हणजे काँदिस्योनेलचे प्रत्यय अँपार्फेचेच आहेत, फक्त ते भविष्यकाळाच्या अंगाला लागतात. अँपार्फे नीट घोटला असेल तर तो काळ निम्मा फुकटात मिळतो.

'सी'चा आणखी एक गोड उपयोग: 'सी ऑनाले ओ सिनेमा?' म्हणजे 'सिनेमाला गेलो तर?' आणि दुकानात, कचेरीत 'झ वूले वू दमाँदे...' अशी सुरुवात करावी. 'मला जरा विचारायचं होतं' म्हणताना आपणही आदबीसाठी भूतकाळच वापरतो, तेव्हा हे शिकवावंही लागत नाही.

देल्फ या फ्रेंचच्या परीक्षेत ए-२च्या लेखनाला ४५ मिनिटं आणि २५ गुण असतात, दोन प्रश्न, प्रत्येकी किमान ६० शब्द. पहिल्यात एखादा अनुभव सांगायचा असतो: सहल, नवं घर, नोकरीचा पहिला दिवस. इथे मी मुलांना एकच सांगते. सुरुवातीला दोन वाक्यं अँपार्फेत द्या, हवा कशी होती, कोण कोण होतं. मग पासे काँपोझेत तीन-चार घटना. मध्ये एकदा तरी 'मी हे करत होतो तेव्हा ते झालं' असं वाक्य घाला, त्यात दोन्ही काळ येतात हे परीक्षकाला दिसू द्या. शेवटी 'से ते सुपेर' (फार मस्त होतं) लिहून मोकळं व्हा.

आणि फ्रेंच वर्तमानपत्रात '२२ मे १८८५ रोजी व्हिक्टर ह्युगो मरत होते' अशा धाटणीचं वाक्य अँपार्फेत दिसलं तर गोंधळू नका. एकदाच घडलेली, तारीखवार घटना मुद्दाम या काळात सांगून भारदस्तपणा आणायची ती पत्रकारांची आणि इतिहासकारांची लकब आहे. वाचताना ओळखता आली की पुरे, ए-२च्या पेपरात ती करू नये.