जुन्या आरएक्स १०० चं कडक झालेलं रबर: या चुका टाळा

बरीच वर्षं उभी असलेली यामाहाची आरएक्स १०० मोटरसायकल उघडली की सगळे आधी पिस्टन, क्लच प्लेट बघतात. रबराकडे लक्ष जातं ते तुटल्यावर. ही गाडी १९९६ मध्ये बंद झाली, म्हणजे तिच्यावरचं मूळ रबर आता तीस वर्षांचं तरी आहे.

पहिली चूक म्हणजे पेचकस घालून उचकटणं. कार्बोरेटर आणि एअर फिल्टरमधला पाइप असा ओढला की फाटतो, शिवाय कार्बोरेटरच्या मऊ धातूच्या तोंडावर ओरखडे पडतात. आधी टाकी उतरवा, कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढा, क्लॅम्प पूर्ण ढिला करा. मग उकळत्या पाण्यात भिजवलेलं फडकं दोन-तीन मिनिटं गुंडाळून ठेवा आणि रबर ओढण्याऐवजी गोल फिरवत काढा. बसवताना साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको.

दुसरी चूक डिझेल किंवा इंजिन ऑइल चोळण्याची. रबर दोन दिवस मऊ वाटतं, पण खरं तर ते फुगलेलं असतं आणि त्याची ताकद गेलेली असते. उष्णता, ओझोन आणि वय यांनी कडक झालेलं रबर पुन्हा नव्यासारखं होत नाही. साइड कव्हरचे किंवा टाकीखालचे रबर मिळतच नसतील, तर एक भाग गंधपुरा (विंटरग्रीन) तेल आणि तीन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल यांत ते रात्रभर बुडवून पाहा. बराच फरक पडतो, मात्र कायमचा नाही. हे तेल पोटात गेलं तर विषारी असतं, म्हणून मुलांपासून लांब ठेवा.

सगळ्यात महाग पडते ती मॅनिफोल्डची, म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या रबरी नळीची चूक. त्याला भेग गेली की बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. रेस सोडली तरी खाली येत नाही, प्लग पांढराफटक दिसतो. बाबांच्या गाडीच्या भेगेवर मी सिलिकॉन सीलंट लावला होता. पेट्रोलने तो सुटला आणि महिन्याच्या आत घाटात पिस्टन पकडला, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसला. रीबोअरिंगचा (सिलिंडर आतून घासून मोठा करण्याचा) खर्च नव्या मॅनिफोल्डच्या कितीतरी पट झाला. मोठा जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) घालूनही हे झाकू नका. मॅनिफोल्ड काढून हाताने वाकवा, आतल्या भेगा लगेच दिसतात. गाडीवरच तपासायचं असेल तर इंजिन चालू ठेवून जोडावर साबणाचं पाणी फवारा. आयडलिंग बदललं तर गळती तिथेच आहे. यासाठी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर कधीच वापरू नका, गरम सिलिंडरवर आग लागते.

नवा मॅनिफोल्ड बसवूनही रेस चढतच राहिली तर क्रँकचे, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या दोन्ही टोकांचे रबरी ऑइल सील बघा. क्लचच्या बाजूचा सील गेला की गिअर ऑइल कमी होत जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. हे सील कशातही भिजवून वाचवू नका, सरळ बदला.

पेट्रोलची नळी घेताना ती इथेनॉलमिश्रित पेट्रोलला चालते का ते विचारून घ्या. 'ओरिजिनल, सीलबंद' म्हणून वीस वर्षांपूर्वीचं रबर कोणी चढ्या भावात देत असेल तर जपून, कारण ते पाकिटातही म्हातारं होतं. टायरचंही तसंच. त्याच्या कडेवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० च्या आधीचा आहे. नक्षी कितीही शिल्लक असली तरी त्यावर गाडी रस्त्यावर काढू नका.