जुन्या जीपचं मागचं क्रँक सील: दोरी की रबर?

विलीसच्या चार सिलिंडर इंजिनात क्लचखालून ऑइल गळू लागलं की सगळे सीललाच, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाभोवती ऑइल अडवणाऱ्या पट्टीलाच, दोष देतात. आधी कॅमशाफ्टचा मागचा प्लग आणि चेंबरचं (इंजिनाखालच्या ऑइलच्या तबकाचं) पॅकिंग तपासा, ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी वाट) तुंबलाय का तेही पाहा. आत दाब साठला तर नवं सीलही गळतं.

मूळचं सील दोरीचं. मी दोन तुकड्यांचं रबरी घेतलं, कारण शाफ्टचा घासला जाणारा भाग गुळगुळीत होता. तिथे नखाला लागेल असा चर असेल तर रबराची कड टिकत नाही. मग पॉलिश तरी करा, नाहीतर दोरीच बरी.

कड इंजिनाच्या आतल्या बाजूला, ऑइलकडे. उलटी बसली की सगळी मेहनत वाया. तुकड्यांचे सांधे बेअरिंगच्या कॅपच्या (शाफ्टला खालून धरणाऱ्या झाकणाच्या) सांध्यासमोर आणू नका, सुमारे १० मिमी सरकवा. रबराच्या कडेवर ऑइल लावा, सीलंट फक्त कॅपच्या सांध्यावर, तोही अगदी पातळ.

कॅपच्या दोन्ही बाजूंच्या भोकांतली रबरी पॅकिंग हमखास विसरली जातात. ती सुमारे ६ मिमी बाहेर ठेवायची. चेंबर आवळला की दाबली जातात. कॅपचे बोल्ट ६५ ते ७५ फूट-पाउंड.