‘मम्’ म्हणजे आई नव्हे: इंग्रजीतल्या गप्प बसण्याच्या या चुका टाळा

डेस्कवर नवा होतो तेव्हाची गोष्ट. रात्रपाळी, एजन्सीची इंग्रजी कॉपी आणि क्रिकेट निवड समितीच्या बैठकीची बातमी. बैठकीत काय ठरलं ते कोणी सांगायला तयार नव्हतं, एवढाच त्या बातमीचा जीव. इंग्रजी मथळा होता ‘मम्ज द वर्ड’. मी झोकात मराठी मथळा दिला, ‘निवड समितीला आईचा शब्द प्रमाण’. पान सुटण्याआधी वृत्तसंपादकांनी तो पाहिला म्हणून वाचलो. चष्म्यावरून बघत ते एवढंच म्हणाले, “कुणाची आई रे?”

एम-यू-एम. तीन अक्षरांचा शब्द, अर्थ गप्प, पण मराठी माणसाला तो हमखास पाडतो. देवनागरीत नुसतं ‘मम’ लिहिलं की ‘इदं न मम’ आठवतं, म्हणून इथे शेवटच्या म चा पाय मोडून ‘मम्’ लिहितो आहे.

आईशी घातलेली गल्लत

ब्रिटनमध्ये आईला ‘मम्’ म्हणतात हे खरं, पण तो शब्द बाळाच्या बोबड्या ‘मामा’, ‘ममी’तून आलेला. गप्प बसण्याचा ‘मम्’ वेगळा आणि त्याच्याहून जुना. दोघांचं स्पेलिंग एक, उच्चार एक, त्यामुळे खुद्द इंग्रजांनीही त्यावर कोट्या केल्या. दुसऱ्या महायुद्धात लष्करी गुपितं चहाच्या टेबलावर फुटू नयेत म्हणून ब्रिटिश सरकारने पोस्टरं लावली. त्यातलं एक होतं, ‘बी लाइक डॅड, कीप मम्!’ वरवरचा अर्थ ‘बाबांसारखे गप्प राहा’. पण ‘कीप’चा दुसरा अर्थ पोसणं, म्हणजे ‘बाबांसारखं आईला पोसा’. आई म्हणजे काय नवऱ्याने पोसायची वस्तू, असा आक्षेप एडिथ समरस्किल या महिला खासदाराने घेतला. कोटी कळायला दोन्ही ‘मम्’ वेगवेगळे ठाऊक असावे लागतात. एकच ठाऊक असेल तर माझ्यासारखा मथळा होतो.

मुळात अर्थ शोधत बसणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि शिकलेली माणसं ती जास्त करतात. शब्द दिसला की धातू शोधायचा, धातू सापडला नाही की जोडून टाकायचा. ‘मम्’ हा संस्कृत ‘मौन’चा अपभ्रंश आहे असं मला एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं. ‘मौन’ आला मुनीवरून. मुनीचा भाव तो मौन. ‘मम्’चा त्याच्याशी संबंध नाही. दुसरा एक जण म्हणाला, इजिप्तची ममी कधी बोलत नाही, म्हणून ‘मम्’. ऐकायला गोड, पण ममीचा शब्द अरबीतल्या ‘मूमिया’तून आला आणि त्याच्या मुळाशी फारसी ‘मूम’, म्हणजे मेण. हिंदीतल्या ‘मोमबत्ती’तला मोम तोच.

मग ‘मम्’ आला कुठून? ओठ घट्ट मिटा आणि आवाज काढायचा प्रयत्न करा. जे निघेल तेच. शाळेत आपण प फ ब भ म ही ओष्ठ्य व्यंजनं पाठ केली. या पाचांत मिटल्या ओठांनी लांबवता येतो तो एकटा म, कारण तो नाकातून वाट काढतो. बाकी चौघांना ओठ उघडल्याशिवाय गती नाही. म्हणजे ‘मम्’ हा शांततेचा शब्द नाहीच मुळी. तोंड बंद असताना जो काय आवाज होऊ शकतो, त्याचं ते नाव आहे.

याचा पुरावा जुना आहे. विल्यम लँगलंड या कवीने १४व्या शतकाच्या उत्तरार्धात ‘पिअर्स प्लाउमन’ हे काव्य लिहिलं. त्यात तो वकिलांवर घसरतो. माल्व्हर्नच्या टेकड्यांवरचं धुकं एकवेळ मोजता येईल, पण पैसे दाखवल्याशिवाय या लोकांच्या तोंडून एक ‘मम्’ निघायचा नाही, असा त्याचा टोमणा. (सहाशे वर्षं झाली, टोमणा अजून ताजा वाटतो.) इथे ‘मम्’चा अर्थ शांतता घेतला तर ओळच उलटी होते. अर्थ आहे बारीकसा आवाज. आपण म्हणतो ना, ‘त्याने ब्र काढला नाही’? तो ब्र म्हणजेच लँगलंडचा मम्. ‘ब्रसुद्धा नाही’मधला नकार हळूहळू शब्दातच मुरला आणि मम् म्हणजे गप्प असं होऊन बसलं. पुटपुटण्याचा ‘मम्बल’ही याच घरातला. त्यातला ब मागाहून चिकटला, जुनं रूप ‘मोमेलेन’ असं होतं.

शेक्सपिअरच्या नावावर खपवणं

‘हा वाक्प्रचार शेक्सपिअरने दिला’ हे वाक्य लिहिण्याआधी हात आवरावा. ‘सहावा हेन्री’च्या दुसऱ्या भागात ह्यूम नावाचा पाद्री स्वतःशी म्हणतो की ओठांना मोहोर लाव आणि ‘मम्’खेरीज शब्द काढू नकोस. गंमत म्हणजे तो ग्लॉस्टरच्या डचेसकडून पैसे घेतो आणि तिच्याच शत्रूंकडूनही. पण हे लँगलंडनंतर दोनशे वर्षांनी. ‘मम्ज द वर्ड’ हा आजचा साचा त्याच्याही नंतरचा. त्यातल्या ‘वर्ड’ला शब्द म्हणून अडकू नये. ‘आता परवलीचा शब्द एकच, मम्’ असा त्याचा रोख आहे.

मला शेक्सपिअरचा दुसरा दाखला जास्त आवडतो. ‘द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’मध्ये स्लेंडर नावाचा भोळसट नवरदेव अ‍ॅन पेजला पळवून न्यायला निघतो. अंधारात ओळख पटावी म्हणून खूण ठरते: त्याने ‘मम्’ म्हणायचं, तिने ‘बजेट’. ‘मम्बजेट’ म्हणजे तेव्हाचं चिडीचूप. ठरल्याप्रमाणे तो मम् म्हणतो, समोरून बजेट असं उत्तर येतं, आणि घेऊन जातो तो निघतो पोस्टमास्तरचा पोरगा! (बजेट म्हणजे मुळात चामड्याची थैली. तिथून अर्थमंत्र्यांपर्यंतचा प्रवास पुन्हा केव्हा तरी.)

प्रत्येक मौनाला ‘मम्’ लावणं

‘श्रद्धांजली म्हणून सर्वांनी दोन मिनिटे मौन पाळले’ याचं इंग्रजी करताना ‘केप्ट मम्’ लिहिलेलं मी पाहिलं आहे. हे वाचून इंग्रजी वाचकाला वाटेल की सभेतली मंडळी काहीतरी लपवत होती. ‘मम्’मध्ये माहिती दाबून ठेवणं आहे, थोडा खट्याळपणा आहे. श्रद्धांजलीला ‘सायलेन्स’ आणि त्याच्याबरोबर ‘ऑब्झर्व्ह’ हे क्रियापद. ही दोन मिनिटांची प्रथा पहिल्या महायुद्धाच्या स्मरणार्थ ११ नोव्हेंबर १९१९ रोजी ब्रिटिश साम्राज्यात सुरू झाली आणि तिथून आपल्या शोकसभांत रुळली. तसंच गांधीजींच्या सोमवारच्या मौनाचं. त्या दिवशी ते चिठ्ठ्यांवर लिहून संवाद साधत. त्याला ‘गांधी केप्ट मम्’ म्हणणं म्हणजे व्रताला लपवाछपवीचा वास लावणं.

याच ओघात एक गंभीर चूक सांगतो. ‘मूकबधिर’चं इंग्रजी ‘डेफ अँड डम्ब’ असं अजूनही बिनदिक्कत छापलं जातं. ‘डम्ब’चा जुना अर्थ ‘न बोलू शकणारा’ असाच होता. मठ्ठ हा अर्थ त्याला अमेरिकेत जर्मन भाषेच्या प्रभावाने चिकटला. पण आज तो शब्द माणसांसाठी वापरणं अपमानाचं आहे. नुसतं ‘डेफ’ लिहिलं की पुरतं.

क्रियापद चुकलं की चहा ओतावा लागतो

‘मम्’ हे विशेषण आहे, पण नामाच्या आधी बसत नाही. ‘मम् मिनिस्टर’ असं कोणी लिहीत नाही. ‘कीप’, ‘स्टे’ किंवा ‘रिमेन’च्या नंतर तो येतो. कशाबद्दल गप्प, हे सांगायला पुढे ‘अबाउट’ किंवा ‘ऑन’. आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तो फार दिसतो; माझा अंदाज, एका कॉलमात बसतो म्हणून. अर्ज-विनंतीच्या किंवा कोर्टाच्या भाषेत मात्र टाळावा, तिथे ‘सायलेंट’ बरा.

‘बी’ या क्रियापदाबरोबर जरा जपून. इंग्लंडमध्ये कोणाच्या घरी चहाला गेलात आणि यजमानाने किटलीकडे हात नेत ‘शाल आय बी मम्?’ विचारलं, तर तो गप्प बसायची परवानगी मागत नाहीये. ‘चहा मी ओतू का?’ एवढंच. आईचं काम मी करतो, असा भाव. म्हणजे इथे मात्र आईच!

‘कीप क्वाएट’ लिहिताना शेवटची ‘इ’ आणि ‘टी’ उलटसुलट करून ‘कीप क्वाइट’ लिहिण्याबद्दल काही बोलत नाही, प्रत्येक वाचनालयाच्या भिंतीवर ती पाटी आहे. फक्त इतकंच, की शांततेचा तो शब्द आणि ‘अगदी’ या अर्थाचा हा शब्द दोन्ही एकाच लॅटिन ‘क्वाएटुस’ची लेकरं आहेत. चूक घरातल्या घरात होते.

मराठीत आणताना

‘मिनिस्टर कीप्स मम्’चं ‘मंत्र्यांनी मौन बाळगले’ बरोबर आहे, जरा सोज्वळ आहे. बोलायला हवं असताना भीतीने किंवा सोयीने बोलला नाही, तर ‘मूग गिळून बसले’. विचारूनही तोंड उघडत नाही, तर ‘मिठाची गुळणी धरली’. दोघा-तिघांनी मिळून गुपित राखायचं ठरवलं असेल, तर आपल्याकडे ‘मम्ज द वर्ड’ला तोडीस तोड आहे: अळीमिळी गुपचिळी. माझा तो क्रिकेटचा मथळा शेवटी असाच छापला गेला, वृत्तसंपादकांच्या हातून.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी एक वेगळा खड्डा. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात दुकानाबाहेर ‘मम्स’ची पाटी लागते. ती ना आयांसाठी, ना गप्प बसणाऱ्यांसाठी. ‘क्रिसँथेमम’चं ते लाडकं शेपूट आहे, म्हणजे आपली शेवंती. दसऱ्याच्या सुमाराला लागते, दोन कुंड्या घेऊन ठेवा.